पैशाची विवंचना आणि रात्रीचा एक तास

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करणाऱ्या, नुकतीच तिशी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, लहानपणापासून हातात असलेली चित्रकला आता रात्री मुलगी झोपल्यावर जेमतेम तासभर वाट्याला येते. पण कागद समोर ओढला की डोक्यात घराचा हप्ता, शाळेची फी आणि क्रेडिट कार्डाचे बिल सुरू होते आणि हात चालत नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रे काढली तर हे थांबेल का, आणि यंत्र क्षणात चित्र काढून देत असताना या खटाटोपाला अर्थ उरला आहे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. मिळकतीचे आणि खर्चाचे आकडे त्यांनी मोकळेपणाने दिले आहेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांना धरून देता येईल.

मी दोन दशकांहून अधिक काळ नाशिकमध्ये राहून पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांतील कथाचित्रे आणि शालेय पुस्तकांतील रेखाटने करत आले आहे. घर याच कामावर चालते. त्यामुळे पैसा आणि चित्र यांचा संबंध मला रोजच्या व्यवहारातून माहीत आहे. माझे मत आधीच सांगते: नोकरी आज सोडू नका. तुमचा हात अडतो त्याचे कारण नोकरी आहे, असे तुमच्या आकड्यांवरून मला दिसत नाही. कारण दुसरेच आहे आणि त्याकडे तुमचे लक्ष गेलेले नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

पैशाची ओढाताण असली की डोके चालत नाही, हा तुमचा अनुभव खरा आहे आणि त्यात कमकुवतपणाचे काही नाही. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतील 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्याच शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर बौद्धिक चाचणी घेतली, तेव्हा तोडणीपूर्वीची त्यांची कामगिरी स्पष्टपणे कमी भरली. माणूस तोच आणि बुद्धीही तीच. फक्त मनाचा मोठा भाग हिशेबात गुंतलेला होता. चित्र काढताना लागणारे लक्ष हे अशाच प्रकारचे असते. आकृती कागदावर कुठे बसवायची, कुठली रेघ सोडून द्यायची, कोरी जागा किती ठेवायची, हे ठरवताना मनाला बरेच काही एकाच वेळी धरून ठेवावे लागते, आणि तिथे हप्त्याची तारीख शिरली की सगळी मांडणी विस्कटते.

आता तुमचा हिशेब पाहू. तुमचा हाती पडणारा पगार 52,000 रुपये, तुमच्या पत्नी घरी शिकवण्या घेतात त्यांचे 8,000, असे 60,000 रुपये घरात येतात. पाथर्डी फाट्याच्या घराचा हप्ता 21,700 आणि महिन्याचा घरखर्च 29,000, असे धरून तुम्ही लिहिता की महिन्याला 9,300 रुपये उरायला हवेत, पण उरत कधीच नाहीत, आणि ते कुठे जातात हे कळत नाही. मात्र तुमच्याच पत्रात इतरत्र वर्षातून एकदा येणारे खर्च विखुरलेले आहेत. मुलीच्या शाळेची फी 42,000, विम्याचे हप्ते 24,000, दिवाळी आणि नात्यातली लग्नकार्ये मिळून 30,000, घरपट्टी व दुचाकीचा खर्च 12,000. यांची बेरीज 1,08,000 होते, म्हणजे महिन्याला 9,000. तुमच्याकडे उरतात ते 9,300 नव्हेत, 300 रुपये आहेत. पैसे कुठे गळत नाहीत. ते आधीच ठरलेल्या ठिकाणी जात आहेत, फक्त ती ठिकाणे महिन्याच्या हिशेबात लिहिलेली नाहीत. ज्या खर्चाला आकडा आणि तारीख दिलेली नाही तो खर्च रात्री साडेदहाला आठवतो, हे मी स्वतःच्या आणि अनेक सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यामुळे वर्षाचे बारा महिने एका पानावर मांडून प्रत्येक मोठा खर्च त्या त्या महिन्यात लिहा आणि पगार झाला की 9,000 रुपये दुसऱ्या खात्यात वळवा. रक्कम यामुळे वाढणार नाही, पण जूनमध्ये फी भरताना कार्ड बाहेर काढावे लागणार नाही.

कार्डाचे प्रकरण वेगळे आणि तातडीचे आहे. कार्डावर 60,000 रुपये थकीत आहेत, महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज लागते आणि तुम्ही दरमहा किमान रक्कम म्हणून 3,000 भरता. व्याज होते 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 378, एकूण 2,478. म्हणजे भरलेल्या 3,000 मधून मूळ देणे 522 रुपयांनी कमी होते, आणि महिन्याला 300 च उरत असताना हे 3,000 भरल्यामुळे पडणारी 2,700 रुपयांची तूट, चित्रांचे पैसे हाती आले नाहीत त्या महिन्यात, पुन्हा त्याच कार्डावर जाते. त्याच वेळी तुमच्याकडे 45,000 रुपयांची मुदत ठेव आहे, जिला ‘हात लावायचा नाही’ असे तुम्ही ठरवले आहे. सात टक्के धरले तर ती ठेव वर्षाला 3,150 रुपये देते, आणि तेवढ्याच रकमेच्या कार्डावरील देण्याला वर्षाला 18,900 व्याज आणि त्यावरचा कर मिळून 22,300 रुपये लागतात. ठेव मोडा आणि कार्डात भरा. ठेव मोडताना मनाला वाईट वाटते, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ते पटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हे याच आठवड्यात करावे असे मी आग्रहाने सांगते. गृहकर्ज आगाऊ फेडण्याचा विचार मात्र सध्या बाजूला ठेवा, कारण त्याचा साडेआठ टक्के दर कार्डाच्या बेचाळीस टक्क्यांच्या एक पंचमांश आहे.

इथपर्यंतचा भाग कोणीही जाणकार हिशेबनीस सांगू शकला असता. यापुढचे चित्रकार म्हणून सांगते आहे. तुम्ही लिहिता की गेल्या वर्षी चित्रांतून सुमारे 64,000 रुपये मिळाले. एका चित्राला 1,500 रुपये घेता. आणि दुरुस्त्या धरून एका चित्राला साधारण नऊ तास लागतात. याचा अर्थ वर्षात त्रेचाळीसच्या आसपास चित्रे झाली आणि त्यांना जवळपास 390 तास लागले. वर्षाच्या दिवसांत ते वाटले तर रोज एक तास आणि वर थोडे. म्हणजे ज्या तासाला तुम्ही ‘माझा चित्रांचा वेळ’ म्हणता, तो तास पूर्णच्या पूर्ण विकला गेलेला आहे, आणि तोही 167 रुपयांना. कारखान्यात दिवसाला आठ तास आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर तुमचा एक तास 250 रुपयांचा आहे. दिवसभराच्या पाळीनंतर रात्री तुम्ही दुसरी, त्याहून कमी मोबदल्याची पाळी करता. तिथे हात अडतो याचे मला नवल वाटत नाही. स्वतःसाठी, कोणी न मागितलेले चित्र तुम्ही शेवटचे केव्हा काढले, याचा तुमच्या पत्रात कुठेही उल्लेख नाही.

नोकरी सोडण्याविषयीचे माझे मत या आकड्यांमुळेच ठाम झाले. आज नोकरी सोडली तर 52,000 रुपयांचा भार याच 167 रुपयांच्या तासावर येईल. त्यासाठी महिन्याला सुमारे 310 तास, म्हणजे रजेशिवाय रोज दहा तासांहून अधिक चित्रे काढावी लागतील, आणि तेवढे काम मागणारे लोकही मिळावे लागतील. विवंचना त्यामुळे सुटणार नाही, ती सकाळी उठल्यापासून कागदावर येऊन बसेल.

नाशिकमध्ये हा विषय निघाला की कोणीतरी दादासाहेब फाळके यांचे उदाहरण देतेच: त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या माणसाने विमा पॉलिसी गहाण टाकली, पत्नीचे दागिने गेले, आणि 1913 मध्ये देशाला पहिला कथापट मिळाला, तेव्हा धाडस करावे. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच त्यांचा हिशेब पूर्ण सांगावा असे वाटते. चित्रपटाकडे वळले तेव्हा ते चाळिशीत होते आणि मुंबईचे जे. जे. कला विद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण आणि छपाईचा व्यवसाय एवढी तयारी त्यांच्यापाशी होती. पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी वाटाण्याच्या अंकुराची वाढ चित्रित करून दाखवली; मोठी उडी घेण्यापूर्वी लहान, स्वस्त आणि डोळ्यांना पटणारा पुरावा उभा केला. शिवाय त्या धाडसाचा मोठा भार सरस्वतीबाईंनी उचलला. दागिने तर दिलेच, पण चित्रीकरणाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आणि फिल्मवर करायची कामेही त्यांनी केली. इतके करूनही फाळके यांची अखेरची वर्षे याच शहरात ओढगस्तीत गेली आणि 1944 मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. या शहराने दुसरी वाटही पाहिली आहे. वसंत कानेटकर हं. प्रा. ठा. महाविद्यालयात अध्यापन करत होते आणि त्याच काळात त्यांनी मराठी रंगभूमीला एकामागून एक नाटके दिली. प्राध्यापकाच्या पगाराने त्यांचे लेखन कमी प्रतीचे झाले, असे कोणी म्हणणार नाही.

तेव्हा पहिले काम तो विकलेला तास परत मिळवण्याचे आहे. माझा सल्ला असा की चित्रांची संख्या निम्मी करा आणि दर दुप्पट करा. एका चित्राचे 3,000 रुपये मागितले तर काही जण जातील, ते जाऊ द्या. बावीस चित्रे मिळाली तरी उत्पन्न 66,000 होते आणि दोनशेच्या जवळपास तास रिकामे होतात. दर वाढवताना कामाची मर्यादाही ठरवून घ्या. कच्च्या आराखड्यावर दोन दुरुस्त्या मोफत, त्यानंतर प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे पैसे, आणि पक्के चित्र झाल्यावर बदल नाही. तुमचे नऊ तास मुख्यतः ‘जरा आणखी उजळ करा’ अशा तोंडी फेऱ्यांत जातात, असे पत्रावरून दिसते. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. आगाऊ द्यायला जो तयार नाही तो नंतरही वेळेवर देत नाही, असा या व्यवसायातला माझा अनुभव आहे.

एका कार्यालयाकडे तुमचे 22,000 रुपये कित्येक महिन्यांपासून अडकले आहेत, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण चित्रकार आणि लेखक मंडळी या बाबतीत विनाकारण संकोचतात. ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, आणि एकट्याने व्यवसाय करणारा माणूसही ती करू शकतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, करारात काहीही मुदत लिहिलेली असली तरी, काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. मुदतच ठरलेली नसेल तर 15 दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देणे लागते आणि त्यासाठीच्या परिषदेकडे दाद मागता येते. शिवाय असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय त्या कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, ही तरतूद आल्यापासून अनेक कंपन्यांचे हिशेब विभाग मार्चअखेरीस स्वतःहून फोन करू लागले आहेत. नोंदणी काम घेण्याआधीची असावी, म्हणून ती आताच करून ठेवा. त्यापूर्वी तुमच्या नेमणूकपत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का ते नीट वाचा आणि असल्यास लेखी परवानगी मागा. जुन्या 22,000 साठी मात्र साधे, सभ्य पत्र पाठवा: बिलाचा क्रमांक, चित्र दिल्याची तारीख, रक्कम आणि ‘अमुक तारखेपर्यंत रक्कम जमा करावी ही विनंती’. फोनवर ‘बघतो, पुढच्या आठवड्यात’ असे म्हणणारा माणूस लेखी तारखेला वेगळे उत्तर देतो. ठेव मोडून कार्डावर जे 15,000 उरतील ते यातून फिटतील आणि हाताशी सात हजार राहतील.

हक्कांबद्दलही एक गोष्ट चित्रकारांनी विशेष लक्षात ठेवावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. लेखकाची स्थिती यापेक्षा बरी असते. म्हणून काम घेतानाच ईमेलमध्ये दोन ओळी असाव्यात की कॉपीराइट चित्रकाराकडे राहील आणि हे चित्र अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीसाठीच वापरले जाईल. मुखपृष्ठाचे चित्र पुढे दिनदर्शिकेवर, पिशवीवर आणि वहीवर छापले जाते आणि चित्रकाराला त्याचा पत्ताही नसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पगारासोबत हे उत्पन्नही विवरणपत्रात दाखवावे लागते. ज्या कंपन्या 10 टक्के टीडीएस कापतात तो त्याच वेळी जमेस धरून मिळतो.

दर वाढवायचा तर काम देणारी ठिकाणेही बदलावी लागतील. दिवाळी अंकांवर माझे फार प्रेम आहे, चित्रकार म्हणून मी तिथेच घडले. पण त्यांचे काम आषाढ-श्रावणात येते आणि मानधन दिवाळी उलटून गेल्यावर, कधी संक्रांतीच्याही पुढे. केवळ त्यावर घर चालत नाही. नाशिकमध्ये राहून इतर बरेच काही करता येते. द्राक्षे निर्यात करणाऱ्यांना आणि बेदाणा विकणाऱ्यांना खोक्यांवर चित्रे लागतात, आणि ती हंगाम सुरू होण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठरतात. वाइनच्या बाटल्यांची लेबले आहेत, गंगापूर धरणाच्या बाजूची कृषी पर्यटन केंद्रे आहेत, मुलांच्या दवाखान्यांच्या भिंती आहेत. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे शहरातील भिंती, फलक आणि माहितीपत्रिकांचे काम वाढते आहे, पण त्यात मूळ काम देणारा आणि चित्रकार यांच्यामध्ये ठेकेदारांची साखळी असते. तिथे आगाऊ रक्कम आणि लेखी मुदत यांशिवाय ब्रशला हात लावू नये. रंग, परांची आणि मदतनीस यांचा खर्च आपण करायचा आणि पैसे वरून येतील तेव्हा घ्यायचे, असा व्यवहार पगारदार माणसाला झेपणारा नाही.

अशा अनियमित मिळकतीचे काय करायचे, हे शिकायला निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांकडे पाहावे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधल्या फवारण्या, मजुरी असा खर्च वर्षभर चालतो आणि पैसा येतो तो जानेवारी ते एप्रिल या काळात एकदाच. जो शहाणा बागायतदार आहे तो माल विकल्याबरोबर पुढच्या छाटणीचे आणि औषधांचे पैसे बाजूला काढतो आणि उरलेल्याला मिळकत म्हणतो. तुम्हीही चित्रांचे पैसे पगाराच्या खात्यात येऊ देऊ नका. ते वेगळ्या खात्यात साठू द्या. त्यातून कागद-रंग आणि कर यांचा वाटा काढा आणि बाकीचे अडीअडचणीच्या निधीत जाऊ द्या. हप्ता, घरखर्च आणि वर्षाचे खर्च मिळून महिन्याला साठ हजार लागणाऱ्या कुटुंबाला सहा महिन्यांची तजवीज म्हणजे 3,60,000 रुपये लागतात. गेल्या वर्षीच्या गतीने ते जमायला पाच वर्षांहून अधिक काळ लागेल, हे खरे आहे. दर आणि वसुली यांवर मी इतका भर दिला तो त्यासाठीच.

परत मिळालेल्या तासात काय करावे, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैशाची भीती चित्रकाराच्या हातात उतरते आणि ती ओळखता येते. माणूस महागड्या कागदावर काढू लागतो आणि कागद वाया जाईल म्हणून आधी पेन्सिलीने सगळे पक्के करून मग रंग ‘भरतो’. जलरंगातला ओघच जातो. विषय ‘खपणारे’ येऊ लागतात: तोच विठ्ठल, तोच गणपती, त्याच नऊवारीतल्या स्त्रिया. या विषयांत काही उणे नाही, मीही ते काढते, पण मागणीच्या भीतीने काढलेला विठ्ठल आणि पाहून काढलेला विठ्ठल यांत फरक पडतो. यावर मला ठाऊक असलेला उपाय अगदी साधा आहे. कागद स्वस्त घ्या, इतका स्वस्त की फुकट जाण्याची भीती उरणार नाही. वृत्तपत्रांच्या छापखान्यात रिळांची उरलेली टोके मिळतात. त्यावर ब्रश आणि काळी शाई एवढेच वापरा. हे काम कोणाला दाखवू नका, त्याचे छायाचित्र काढू नका, त्याला किंमत लावू नका. रविवारी पहाटे गोदाघाटावर जा. रामकुंडाच्या पायऱ्यांवरची गर्दी, नारोशंकर मंदिराची घंटा, भाजीची पाटी उतरवणारी बाई, सरकारवाड्याचे लाकडी खांब, जे दिसेल ते दोन-तीन मिनिटांत काढून पान उलटा. रात्रीच्या तासापेक्षा पहाटेचा तास बरा, कारण दिवसभराची देणी-घेणी तोवर मनात सुरू झालेली नसतात. तुमची पाळी सातला असेल तर पाऊण तासही पुरे. आणि हिशेबासाठी आठवड्यातली एक ठरावीक वेळ ठेवा. रविवारी सायंकाळी वही काढून देणी, येणी, तारखा पाहायच्या आणि वही मिटायची. एरवी आकडा आठवला तर चिठ्ठीवर लिहून त्या वहीत टाकायचा. मनाला खात्री पटली पाहिजे की या विषयाला स्वतंत्र वेळ आहे. तशी ती पटायला काही आठवडे लागतात, पण पटते.

मोबाइलबद्दल थोडक्यात. चित्रांचा हात आणि पैशाची चिंता या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर येऊन बसल्या आहेत: त्यावरच बँकेचा संदेश, त्यावरच दुसऱ्या चित्रकाराचे हजारो लोकांनी पाहिलेले चित्र, त्यावरच ‘आता घ्या, नंतर भरा’ची जाहिरात. कामाच्या तासात तो दुसऱ्या खोलीत असू द्या. चित्रे लोकांपर्यंत नेण्यासाठी समाजमाध्यमे उपयोगी आहेत, मलाही त्यातून कामे मिळाली आहेत; आठवड्यातून एकदा निवडक चित्र टाकावे, तेवढे पुरते. रात्रीची झोप मात्र महिनोन्महिने उडालेली असेल, तर तो केवळ पैशाचा किंवा कलेचा प्रश्न राहत नाही. 14416 या ‘टेली-मानस’ क्रमांकावर शासनाची मानसिक आरोग्य सेवा विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते; तिथे बोलण्यात कमीपणा मानू नये.

यंत्राने काढलेल्या चित्रांचा तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. कुठलेही चालेल असे चित्र हवे असणारा ग्राहक गेला आहे आणि तो परत येणार नाही. पत्रिकांचे, जाहिरातींच्या हस्तपत्रकांचे, स्वस्त मुखपृष्ठांचे काम कमी होत आहे, आणि तुमची 1,500 रुपयांची चित्रे नेमकी त्याच वर्गात मोडतात. दर वाढवा म्हणण्यामागे हेही कारण आहे: यंत्राशी स्वस्ताईत स्पर्धा करता येत नाही. पण नाशिकचा घाट मागितला तर यंत्र बहुधा काशीसारखे काहीतरी देते. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जुना हौद, उघडते तेव्हा तिच्या काठावर माणसे कशी उभी राहतात, उडी घेताना अंग कसे वळते, भिजून वर आलेल्याचा चेहरा कसा असतो, हे पाहिलेल्या माणसालाच काढता येते. एखाद्या लेखकाला आपल्या कथेतली तांबट आळी अचूक हवी असते, एखाद्या बागायतदाराला खोक्यावर आपल्याच बागेचा मांडव हवा असतो. असे लोक संख्येने थोडे आहेत, पण ते चांगले पैसे देतात आणि पुन्हा येतात. त्यांना दाखवायला तुमच्याजवळ पाहून काढलेल्या चित्रांचा साठा हवा. कोणी न मागितलेल्या पहाटेच्या चित्रांतूनच तो जमतो. म्हणजे मी ज्याला स्वतःचे काम म्हणते आहे ते दीर्घकाळात व्यवसायालाही लागते. मात्र ते काढताना तसा विचार मनात आणू नये.

नोकरी कधी सोडावी, यावर माझ्या अटी अशा आहेत. कार्डावर एक रुपयाही देणे नसावे. सहा महिन्यांचा खर्च ठेवीत असावा. सलग दोन वर्षे चित्रांचे उत्पन्न घराच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक झालेले असावे आणि ते एकाच गिऱ्हाइकाकडून न येता किमान तीन-चार वेगळ्या ठिकाणांहून आलेले असावे. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्यावा. आधीपासून असलेल्या आजारांना संरक्षण मिळण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते आणि तो काळ नोकरीत असतानाच निघून जातो. भविष्य निर्वाह निधी काढून त्यावर पहिली दोन वर्षे काढू, असा बेत अनेक जण करतात. तो मोडूच नये, आणि पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी तर मुळीच नाही, कारण मग त्यावर करही लागतो. या अटी कठोर वाटतील. तरुण आणि एकट्या माणसाला मी इतक्या कठोर अटी घातल्या नसत्या, पण तुमच्या घरात लहान मुलगी आहे आणि डोक्यावर वीस वर्षांचे कर्ज आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला फार जाणवली. हे सर्व आकडे तुम्ही मला सांगितले, परंतु कार्डाचे थकीत देणे पत्नीला पूर्ण माहीत नाही असेही लिहिले. त्या शिकवण्या घेऊन महिन्याला 8,000 रुपये घरात आणतात. बारा महिन्यांचे पान त्यांच्यासमोर बसूनच तयार करा. लपवलेल्या देण्याचा भार थकीत रकमेपेक्षा जड असतो, आणि पहाटेचा तो पाऊण तास तुम्हाला मिळायचा असेल तर मुलीच्या सकाळच्या तयारीची वाटणी दोघांनी ठरवावी लागणार आहे. त्यांच्याही काही इच्छा या नऊ हजारांच्या आणि तीनशेंच्या हिशेबात मागे पडल्या असतील, त्या विचाराव्यात. मार्च संपला की दोघांनी मिळून हिशेब नव्याने मांडा: कार्ड, निधी, चित्रांची संख्या, एका तासाचा दर आणि कोणी न मागितलेली किती पाने भरली. हे पाच आकडे मला कळवलेत तर नोकरीच्या प्रश्नाबद्दल पुन्हा लिहीन.